तात्पुरते अंगण

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरापुढची सुमारे दीडशे चौरस फुटांची हिरवळ काढून तेथे आम्ही शहाबादी फरशी अंथरली. या कामात सिमेंटचा कणही नाही. खाली चोपलेला मुरूम, त्यावर दगडाची कच, कचेवर फरशी आणि सांध्यांत पुन्हा कच, एवढीच त्याची रचना. उद्या ठरवले तर दोन मजूर एका दिवसात सारे उचलून जमीन मोकळी करू शकतील. पाहायला आलेल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: एवढा खटाटोप केलात, तर मग पक्के का नाही केलेत? प्रश्न साधा आहे आणि सद्हेतूने विचारलेला आहे. परंतु ज्याची सारी नोकरी सरकारी बांधकामांवर गेली, अशा माझ्यासारख्या स्थापत्य अभियंत्याला त्याचे उत्तर दारात उभ्याउभ्या देता येण्याजोगे नव्हते.

कारणे दोन होती आणि दोन्हींना मुदत होती. आमचे घर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, एका जुन्या रो-हाउस सोसायटीत आहे. सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आहे. विकसकाशी करार व्हायचा आहे. तो झाला की घर, कुंपण, दारचा आंबा सारेच जाईल. हे दोन वर्षांत घडेल की पाच, ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. दुसरे कारण आई. नव्वदी ओलांडल्यावर तिचे चालणे वॉकरच्या आधाराने ओट्यापर्यंत येऊन थांबले होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिने थोडे बसावे, चार पावले टाकावीत, असे डॉक्टरांनी सुचवले. ऊन मात्र ओट्यावर येत नव्हते, ते समोरच्या हिरवळीवर येत होते; आणि हिरवळीवर वॉकर चालत नव्हता. त्याच्या पायांची रबरी टोपणे ओल्या मातीत रुतत. एक पाय रुतला की वॉकर तिरका होई आणि तिचा सगळा भार एका मनगटावर येई.

हिरवळ वडिलांनी लावली होती. निवृत्तीनंतरच्या त्यांच्या सकाळी तिच्यातच जात. त्यामुळे ती काढू का, हे आईला विचारताना मला शब्द जुळवावे लागले. तिला लागले नाहीत. “ह्यांनी ती बघायला लावली होती,” ती म्हणाली, “मला बसायला जागा हवी.” आणि थोड्या वेळाने, “माझ्यापुरतं कर. फार खर्चात पडू नकोस.” कामाचा व्याप, मुदत आणि अंदाजपत्रक यांविषयी इतकी नेमकी सूचना मला नोकरीत कोणत्याही वरिष्ठाने दिलेली नव्हती.

हिरवळीला मी दोष देत नाही. तिचा हिशेब मात्र मांडला पाहिजे. कापून एकसारखे राखलेले गवत ही मूळची इंग्लंड-फ्रान्समधल्या जमीनदारांच्या उद्यानांतली हौस. तिकडे, विशेषतः इंग्लंडात, पाऊस वर्षभर विखरून पडतो आणि ऊन मवाळ असते. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि हळूहळू ती हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे ती बंगले, क्लब आणि कचेऱ्यांची आवारे अशा मार्गाने सोसायटीच्या दाराशी पोहोचली. पुण्यात पाऊस चार महिने असतो. उरलेले आठ महिने हे गवत नळावर जगते. दीडशे चौरस फूट म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी ते ७० लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना आम्ही माणशी रोज १३५ लिटर गृहीत धरतो. म्हणजे आमच्या दारात, शिधापत्रिकेवर नाव नसलेला अर्धा माणूस राहत होता. सोसायटीत टँकर येऊ लागल्यापासून त्याची उपस्थिती अधिक जाणवत होती.

फरशीच्या कामाला आलेले मिस्त्री मूळचे कलबुर्गीकडचे. शहाबाद त्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा या दगडाशी त्यांचे नाते माझ्या पुस्तकी ओळखीपेक्षा जुने होते. त्यांनी जागा पाहिली आणि ताबडतोब सुचवले, “साहेब, खाली काँक्रीट करू, वर सिमेंटमध्ये फरशी बसवू. पन्नास वर्षं हलणार नाही.” मी म्हणालो, “पन्नास वर्षं नकोतच. पाच पुरेत. पण त्या पाच वर्षांत एकही फरशी डुगडुगता कामा नये.” त्यांनी पायाने माती उकरून पाहिली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग खालचं काम जास्त चांगलं करावं लागेल. सिमेंटात खालचं पाप झाकलं जातं, साहेब. कचेत झाकत नाही.”

हे वाक्य माझ्या मनात फार काळ राहिले आहे. त्यात अभियांत्रिकीचे एक सत्य आहे, हे कोणीही जाणकार मान्य करील. कच्च्या पायावर ओतलेले काँक्रीट काही वर्षे तरी भेगा आत ठेवून शहाण्यासारखे दिसते. मोकळ्या फरशीला ती सोय नाही. पाया खचला की फरशी त्याच दिवशी तोंड उघडते.

म्हणून खालचे काम करावे लागले. वरचे मेक्सिकन गवत फावड्याने चटईसारखे सोलून निघाले. ते शेजाऱ्यांनी आनंदाने नेले. त्याखाली खरी मालकीण हरळी होती. तिची मुळे वीतभर खाली जाऊन पसरलेली, आणि एक पेर राहिले तरी पुन्हा उगवण्याची तिची तयारी. त्याखाली काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट काही ठेवले तर ते दरवर्षी वरखाली होणारच. नऊ इंचांपर्यंत ती काढून आंब्याच्या आळ्यात आणि कुंड्यांत घातली. मग मुरूम दोन थरांत पसरला, प्रत्येक थरावर पाणी मारले आणि धुमसाने चोपला. ओट्याच्या पायरीपाशी पातळी वर घेतली, म्हणजे आईला पाय उचलावा लागणार नाही. तेथून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दीड इंच उतार दिला. पातळी पाहायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरली. हल्ली लेझरची उपकरणे मिळतात. परंतु दोन टोकांना दोन माणसे नळी धरून उभी आहेत आणि पाणी स्थिर होण्याची दोघेही वाट पाहत आहेत, या पद्धतीत एक प्रकारची सभ्यता आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. चारही बाजूंना उभ्या विटांची कड जमिनीत गाडली, म्हणजे फरशा बाहेर सरकणार नाहीत. फरशी पाडकामाचा माल विकणाऱ्याकडून जुनी आणली. ती अर्थातच नव्यापेक्षा बरीच स्वस्त पडली. खडबडीत बाजू वर ठेवली, कारण गुळगुळीत शहाबादीवर पाणी पडले की वृद्ध माणसाचा पाय हमखास घसरतो. सांधे इतके अरुंद ठेवले की वॉकरचे टोपण त्यात अडकणार नाही. शेवटी मिस्त्रींनी एकेका फरशीच्या चारही कोपऱ्यांवर टाच दाबून पाहिली. जिथे जराही ‘टक्’ असा आवाज आला, ती उचलली, मूठभर कच घातली किंवा काढली, आणि पुन्हा ठेवली. सारा खर्च पक्क्या कामाच्या अंदाजाच्या एक-तृतीयांशात भागला. त्यात मोठा वाटा मजुरीचा होता, आणि तो तसाच असायला हवा.

तात्पुरत्या कामाला कमी प्रतीचे समजण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचा विचार मी या निमित्ताने अधिक सावकाश केला. माझ्या व्यवसायात तात्पुरत्या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सेंट्रिंग. स्लॅब ओतला जातो तेव्हा काँक्रीटला स्वतःचे बळ नसते. त्याचे वजन मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण असते. ते सगळे वजन फळ्या, पत्रे आणि टेकू पेलतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक ४५६ सांगते. म्हणजे ज्या वास्तूचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे धरायचे, तिचा भार पहिले एक-दोन आठवडे अशा वस्तूंवर असतो, ज्यांचे नावही उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. बांधकाम चालू असताना छत कोसळल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांत कितीतरी वेळा दोष या तात्पुरत्या आधाराचा असतो. मुदत कमी झाली म्हणून भार कमी होत नाही. हे तत्त्व मी उमेदवारीच्या काळात पाठ केले होते. त्याचा अर्थ मला एका वेगळ्या ठिकाणी उमगला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि माळवदांचे वजन झोपलेल्या माणसांवर आले, हे मृत्यूंचे एक प्रमुख कारण होते. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. ते व्हायला काही वर्षे लागली. मधल्या काळात माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. तरुण अभियंता म्हणून काही काळ माझी नेमणूक त्या भागात झाली होती. शेडचा नकाशा ठरलेला होता. लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी, दोन शेडमधले अंतर, सारे कागदावर होते. दुपारी पत्रा तापला की आत बसवत नसे आणि माणसे बाहेर येत. बाहेर नुसती फुफाट्याची जमीन.

एका शेडपुढे एका वयस्क बाईंनी पडलेल्या घराचे दगड वाहून आणून हातभर रुंदीचा ओटा रचला होता. मातीचा गिलावा नव्हता. दगडावर दगड, फटींत चिपा बसवलेल्या, वरून एक सपाट चिरा. मी टाच दाबून पाहिली. तो हलला नाही. ज्या भिंतींनी त्यांच्या घरातली माणसे गिळली, त्याच भिंतींचे ते दगड होते. सरकार लवकरच नवे घर देणार आहे, एवढे कष्ट कशाला घेतले, असे माझ्या सोबतच्या कर्मचाऱ्याने त्यांना विचारले. “सांजच्याला माणसं येतेत,” त्या म्हणाल्या, “त्यांना बसायला नको का?” त्या कामाच्या मुदतीचा त्यांनी विचार केलेला दिसला नाही, आज संध्याकाळी कोण येणार आहे, एवढाच केला होता. शासकीय नकाशात ओट्याची तरतूद नव्हती. आपत्तीच्या काळात ती असावी, असा आग्रह कोणी धरला असता तर त्याला अव्यवहारी ठरवले गेले असते. तरीही दुःख झालेल्या माणसाला घराइतकीच घरापुढच्या बसण्याजोग्या जागेची गरज असते, असे माझे तेव्हापासून मत आहे. शोक चार भिंतींच्या आत फार काळ सहन होत नाही. त्याला उंबऱ्याबाहेर कोणाशेजारी तरी बसावे लागते.

तात्पुरतेपणाची दुसरी आणि अधिक कठोर बाजू मुंबईतल्या संक्रमण शिबिरांत दिसते. मोडकळीस आलेल्या इमारतींतून हलवलेली कित्येक कुटुंबे तेथे काही महिन्यांसाठी म्हणून आली आणि दशके राहिली. मुले तेथेच जन्मली, त्यांची लग्ने तेथूनच झाली. जागा तात्पुरती असल्यामुळे तिची नीट दुरुस्ती होत नाही. आणि मूळ जागी परतण्याची तारीख ठरलेली नसल्यामुळे तात्पुरतेपण संपतही नाही. तेथे राहणाऱ्याला कायमच्या घराची प्रतिष्ठा मिळत नाही आणि प्रवाशाची निश्चिंतीही मिळत नाही. त्याला केवळ धीर धरायला सांगितले जाते. ‘आत्तापुरते आहे, चालवून घ्या’ हे वाक्य उच्चारणारा सहसा स्वतः तेथे राहत नसतो.

हे सगळे आईशी बोलण्याचे विषय नव्हेत. तिला मी फक्त कामाची पद्धत समजावून सांगत होतो. मुरूम, पाणी, धुमस हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे खळंच करतोयस की! नीट चोपून घे. आमच्याकडे चोपण्यांचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा.” आईचे माहेर गुहागरकडचे. तिकडे घरापुढचे खळे दरवर्षी नव्याने केले जाई. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरे, गवत माजे, माती धुपे. पाऊस सरला, भात कापणीला आले की खळे खणायचे, ढेकळे फोडायची, नवी माती घालायची, पाणी शिंपडून लाकडी चोपण्यांनी चोपायचे आणि शेणाने सारवायचे. त्यावर पोफळीच्या खांबांचा आणि झापांचा मांडव. भाताची झोडणी तेथे, आमसुले आणि फणसपोळी वाळवायची तेथे, मुंजी-लग्नांच्या पंगती तेथे, उकाड्याच्या रात्री झोपायचे तेथे. मृगाआधी मांडव उतरवायचा, खांब पडवीत आडवे ठेवायचे आणि खळे पावसाच्या स्वाधीन करायचे. आठ महिन्यांसाठी केलेल्या या जमिनीला कोणी कच्ची म्हणून नाक मुरडत नसे. ती पावसात जाणार आहे हे ठाऊक असूनही तिच्या सपाटीत कसूर केली जात नसे, कारण भाताचा दाणा भेगेत गेला तर तो वर्षाच्या अन्नातून जात असे.

या व्यवस्थेची मी आरती ओवाळणार नाही. दरवर्षीच्या त्या चोपण्या-सारवण्याचे श्रम प्रामुख्याने बायका आणि गडीमाणसे करत, आणि आईला त्यातले फक्त सुखच आठवते असेही नाही. शेणात बुडवून बुडवून हातांना पडलेल्या चिरा ती अजून सांगते. सिमेंटचा कोबा आला तेव्हा त्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, तर तो त्यांचा हक्क होता. पण खळ्यामागे एक जाणीव होती आणि ती कोब्याखाली गाडली गेली: जमीन आपण वापरायला घेतली आहे, ती पावसाला परत करायची आहे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा मागून घ्यायची आहे.

पक्के करण्याच्या आपल्या ओढीत सुरक्षिततेची इच्छा असते, हे मी समजू शकतो. एका पिढीने चाळीतल्या, भाड्याच्या, गळक्या खोल्यांत दिवस काढले. तिला कायमचे काहीतरी हवे होते. ती इच्छा पूज्य आहे. मात्र तिच्या पोटी आपण अशाही ठिकाणी कायमचे ओतून बसतो, जिथे ते ठरवण्याचा अधिकार आपल्या नंतरच्या माणसाचा आहे. पुण्यात सरासरी वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर आमच्या या एवढ्याशा तुकड्यावर दरसाल सुमारे दहा हजार लिटर पाणी पडते. ते जमिनीत जावे की गटारात, याचा निर्णय मी सिमेंट ओतून पुढल्या पन्नास वर्षांसाठी घेऊ शकलो असतो. चोपलेल्या मुरमातून ते बागेच्या मातीइतके मुरणार नाही हे मला कळते. तरी उघड्या सांध्यांतून काही मुरेल. आणि फरशी उचलली त्या दिवसापासून पुन्हा पूर्ववत मुरू लागेल. आपण जे करतो ते मागे घेता येण्याजोगे ठेवणे हेही एक कर्तव्यच आहे. त्याची वाहवा होत नाही, कारण त्याचा लाभ ज्याला होतो त्याला आपले नावही ठाऊक नसते.

शिवाय तात्पुरती आहे ती मांडणी. दगडाचे वय पाहिले तर माणसाने मुदतीबद्दल बोलूच नये. शहाबादी म्हणजे अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी थरांवर थर साचून झालेला चुनखडक. म्हणून तो पापुद्र्यांसारखा सहज सुटतो आणि अशा सपाट फरशा देतो. ज्या जमिनीवर आम्ही तो ठेवला, तिच्या पोटातला काळा पत्थर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. या चुनखडकापुढे तोही लहानच. आमच्या फरशांपैकी काहींच्या कडेला जुन्या चुन्याचा पांढरा थर आहे, एकीवर पाणी ठिबकून पडलेला गोल खळगा आहे. कोणाच्या तरी न्हाणीघरातून त्या आल्या असाव्यात. आमच्याकडे त्या मुक्कामाला आहेत, आणि येथून निघाल्यावर आणखी कोठे तरी लागतील.

या कामाच्या उणिवा सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकरानंतर फरशी तापते आणि हिरवळीचा गारवा तेथे नाही. आम्हाला हिरवी जाळी बांधावी लागली. पावसाळ्यात सावलीकडच्या फरशांवर शेवाळ धरते, ते खराट्याने घासून काढावे लागते. या दगडावर आम्ल घालून चालत नाही, तो चुनखडक असल्याने खाल्ला जातो. पहिल्या मोठ्या पावसानंतर कडेच्या काही फरशा उचलून पुन्हा ठेवाव्या लागल्या. मिस्त्री एका निरोपावर आले, टाच दाबून पाहिली, कच घातली, चहा घेतला आणि पैसे घ्यायला नकार दिला. हरळी अपेक्षेप्रमाणे सांध्यांतून वर आली आहे. ती मी काढायला गेलो, तर आईने थांबवले. तिच्या गणपतीला दूर्वा विकत आणाव्या लागत होत्या, त्या आता दारात मिळतात. तिने तेथे पापडही वाळत घालायला लावले. सकाळी वॉकर टेकत ती खुर्चीपर्यंत जाते, शेजारच्या समवयस्क बाई येतात, आणि दोघी ऊन अंगावर घेत बसतात. ज्या कामासाठी जागा केली ते काम ती करते आहे.

पुनर्विकासाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली आहे आणि तीच येथे वाचकांपुढे, विशेषतः सोसायट्यांचे पदाधिकारी आणि माझे व्यवसायबंधू यांच्यापुढे, ठेवतो. कोणत्याही तात्पुरत्या कामाच्या अंदाजपत्रकात तीन नोंदी सक्तीच्या असाव्यात: ते काम काढून टाकण्याची तारीख, काढण्याचा खर्च, आणि निघालेला माल कोठे जाणार ते ठिकाण. संक्रमण काळातल्या निवाऱ्यांना हा नियम आधी लागू करावा, अंगणांना नंतर केला तरी चालेल. आमच्या अंगणापुरत्या या तीन नोंदी मी भरून ठेवल्या आहेत. तारखेचा रकाना करार होईपर्यंत कोरा आहे. खर्च दोन मजुरांच्या एका दिवसाचा. आणि फरशा नेण्याचे मिस्त्रींनी आताच कबूल केले आहे.